पिंजऱ्यात आलेले आणि न आलेले: रानउंदरांतल्या विषाणूंवर सापळे लावून नजर कशी ठेवायची

उजाडता उजाडता सापळ्यांची रांग तपासायला निघालं की पहिली दहा-बारा खोकी बहुधा उघडीच असतात. मग एखादं दार मिटलेलं दिसतं. हातमोज्यातल्या हातावर खोकं तोललं की वजन एका कडेला सरकतं, पत्र्यावर नखं खरवडतात, आणि आत कुणीतरी आहे हे कळतं. अशा चाळीस प्राण्यांचं रक्त तपासलं आणि आठांत प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती रक्तातली प्रथिनं) निघाली, की अहवालात ओळ पडते: बाधितांचं प्रमाण २० टक्के.

त्या चाळीस उंदरांपुरती ही ओळ खरी आहे. रानाबद्दल ती खरी आहे की नाही, हे मात्र सापळ्याच्या तोंडाशी येऊन परत फिरलेल्या किंवा तिकडे फिरकलेल्याच नाहीत अशा उंदरांवर ठरतं. आजारी उंदीर बिळात पडून राहिला असेल, की भुकेने कासावीस होऊन सगळ्यांच्या आधी आमिषाकडे धावला असेल? पहिलं खरं असेल तर २० टक्के हा आकडा कमी आहे, दुसरं खरं असेल तर जास्त. पुढे जी पद्धत सांगतो आहे, तीत संसर्ग मोजायचा आहेच, पण सापडण्याची शक्यताही त्याच दमात मोजायची आहे. ती नंतर मोजता येत नाही, कारण त्या रात्री हातातून गेलेल्या असतात.

आधी प्रश्न ठरवा

सापळे विकत घेण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: मला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे? उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात, आणि प्रत्येकासाठी आखणी वेगळी लागते.

पहिलं, हा विषाणू इथे आहे का आणि तो कोणत्या प्राण्यात आहे. कोरियन युद्धात १९५१ ते १९५३ दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले तीन हजारांहून अधिक सैनिक रक्तस्रावी तापाने आजारी पडले. कारण सापडायला मात्र दोन दशकांहून जास्त काळ गेला. १९७६ मध्ये हो वांग ली यांना पट्टेरी शेतउंदराच्या फुफ्फुसात ते सापडलं, आणि हंतान नदीवरून त्या विषाणूला हंतान हे नाव मिळालं, आणि त्याच्या गोतातल्या विषाणूंना हंताविषाणू. याउलट १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्येला, चार राज्यांच्या सीमा जिथे मिळतात तिथे, धडधाकट तरुण माणसं श्वास कोंडून मरू लागली, तेव्हा काही आठवड्यांतच पथकांनी सापळे लावले. पकडलेल्या डिअर माऊस जातीच्या उंदरांपैकी सुमारे ३० टक्क्यांत हंताविषाणूची प्रतिपिंडं मिळाली. तोच पुढे सिन नोम्ब्रे विषाणू म्हणून ओळखला गेला. अशा शोधात जास्तीत जास्त जागा आणि जास्तीत जास्त जाती धुंडाळायच्या असतात. तोच उंदीर पुन्हा सापडतो की नाही, याला तिथे फारसं महत्त्व नसतं.

या पहिल्या प्रश्नासाठी किती उंदीर पुरतील याचं गणित सोपं आहे. बाधितांचं खरं प्रमाण ५ टक्के असेल, तर निदान एक बाधित हाती लागण्याची खात्री ९५ टक्के व्हायला ५९ प्राणी लागतात. प्रमाण १० टक्के असेल तर २९ पुरतात, १ टक्का असेल तर २९९ लागतात. हेच उलट वाचा: तीस उंदीर तपासले आणि एकही बाधित निघाला नाही, तर प्रत्यक्षात १० टक्क्यांपर्यंत संसर्ग असू शकतो. ‘विषाणू आढळला नाही’ असं लिहिताना शेजारी तपासलेल्या प्राण्यांची संख्या हवीच.

दुसरा प्रश्न, किती टक्के बाधित आहेत. तिसरा, ते वाढताहेत की घटताहेत. या दोन्हींसाठी जिवंत पकडणं, खूण करणं, सोडणं आणि परत पकडणं याला पर्याय नाही. लेखाचा उरलेला भाग मुख्यतः यांच्याबद्दल आहे.

विषाणूचं वेळापत्रक

उंदराच्या अंगात विषाणू किती दिवस राहतो आणि प्रतिपिंडं किती दिवस, हे माहीत नसेल तर तपासणीच्या निकालाचा अर्थ लागत नाही.

हंताविषाणू आपल्या नेहमीच्या यजमानात, म्हणजे ज्या प्राण्यात ते राहतात त्यात, जवळजवळ आयुष्यभर मुक्काम करतात. युरोपातल्या बँक व्होलमधला (व्होल म्हणजे उंदरासारखा आखूड शेपटीचा प्राणी) पुमाला विषाणू असो की डिअर माऊसमधला सिन नोम्ब्रे, प्रतिपिंडं असलेला प्रौढ प्राणी बहुधा आजही बाधित असतो. म्हणून तिथे प्रतिपिंडं शोधणाऱ्या एलायझा चाचणीवर काम भागतं. देवीच्या गटातल्या काऊपॉक्स विषाणूचं तसं नाही. व्होलमध्ये त्याचा संसर्ग साधारण चार आठवड्यांत संपतो, प्रतिपिंडं मात्र राहतात. आफ्रिकेतल्या बहुस्तनी उंदरात, म्हणजे मॅस्टोमिस नटालेन्सिसमध्ये, असणारे एरेनाविषाणू या वेगळ्या गटातले विषाणूही बहुतेक प्रौढांच्या अंगातून लवकर निघून जातात. याच उंदरातून माणसाला लासा ताप होतो, आणि टांझानियातल्या मोरोगोरो विषाणूचा यजमानही हाच. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं दिसली तर ‘याला कधीतरी होऊन गेलं’ एवढंच म्हणता येतं. आज विषाणू बाहेर टाकणारे किती, हे हवं असेल तर आरटी-पीसीआर, म्हणजे खुद्द विषाणूचा अंश शोधणारी चाचणी, करावी लागते.

दोन सापळासत्रांत किती अंतर ठेवायचं हेही यावरूनच ठरतं. संसर्ग चार आठवडे टिकत असेल आणि तुम्ही तीन महिन्यांनी एकदा जात असाल, तर कितीतरी संसर्ग दोन फेऱ्यांच्या मधेच सुरू होऊन संपतील. महिन्यातून एकदा जाणं ही अशा वेळी चैन नसते.

आणखी एक फसवणूक पिल्लांची. बाधित आईकडून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात, आणि बँक व्होलमध्ये ती दोन-अडीच महिन्यांपर्यंत टिकू शकतात. हे पिल्लू चाचणीत ‘बाधित’ दिसतं, प्रत्यक्षात मात्र ते तेवढ्या काळापुरतं सुरक्षित असतं. कमी वजनाच्या प्राण्यांचे निकाल वेगळ्या रकान्यात ठेवा. तोच प्राणी पुढच्या महिन्यात सापडला आणि प्रतिपिंडं नाहीशी झालेली दिसली, की ती आईची होती हे कळतं.

सापळे: कोणते, किती, कुठे

जिवंत पकडण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरला जातो तो शर्मन सापळा. पत्र्याचं घडीचं खोकं, आत एक पायपट्टी, तिच्यावर पाऊल पडलं की दार मिटतं. ब्रिटनमध्ये लाँगवर्थ सापळा रूढ आहे. त्याला निजायची वेगळी पेटी असते, त्यामुळे थंडीत प्राणी कमी मरतात. उत्तर युरोपात उग्लान नावाचा सापळा चालतो, त्यात एकामागून एक अनेक प्राणी शिरू शकतात.

हा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. शर्मनमध्ये एक शिरला की ती जागा रात्रभरासाठी संपली. उंदीर उदंड असतील तर पहिल्या तासा-दोन तासांतच बरेच सापळे भरतात, आणि ते भरणारे असतात मोठे, दांडगे, लांबवर हिंडणारे नर. हंताविषाणूंचा संसर्गही चावे-भांडणांतून याच नरांत जास्त असतो. म्हणजे सापळे कमी पडले की बाधितांचं प्रमाण आपोआप फुगतं. एकाही खोट्या निकालाशिवाय! अनेकांना घेणाऱ्या सापळ्यात ही अडचण टळते, पण तिथे बाधित आणि निरोगी प्राणी रात्रभर एकाच डब्यात कोंडले जातात, आणि आपणच संसर्गाला हातभार लावल्यासारखं होतं. माझा कल शर्मनकडे आहे, मात्र एका अटीवर: सकाळी निम्म्याहून जास्त सापळे भरलेले दिसू लागले तर प्रत्येक ठिकाणी दोन-दोन लावायचे.

मांडणी दोन प्रकारची. नुसती हजेरी घ्यायची असेल तर सरळ रांग पुरते. संख्या आणि पुन्हा सापडण्याचं प्रमाण हवं असेल तर चौकट हवी: दहा बाय दहा ठिकाणं, दोन ठिकाणांत दहा मीटर अंतर, एकूण शंभर सापळे. अंतर त्या जातीच्या वावरावर बेतायचं. प्रत्येक प्राण्याच्या फिरण्याच्या टापूत निदान तीन-चार सापळे यायला हवेत. जिच्या टापूत एकही सापळा येत नाही अशी मादी कितीही धीट असली तरी कधीच सापडणार नाही, आणि तिला तुम्ही ‘सापळ्याला बुजणारी’ ठरवून मोकळे व्हाल.

जागा निवडताना माणसाचा आणि उंदराचा रस्ता जिथे छेदतो तिथे आधी पाहा. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दहा पर्यटकांना हंताविषाणूची लागण झाली, त्यातले तिघे दगावले. त्यांतले बहुतेक जण दुहेरी भिंतींच्या तंबूघरांत उतरले होते, आणि भिंतींमधल्या पोकळीत उंदरांनी घरटी केली होती. रानातली चौकट कितीही नेटकी मांडली असती तरी त्या पोकळीतला उंदीर तिच्यात मोजला गेला नसता.

रात्र आणि सकाळ

ओट्स आणि पीनट बटर हे आमिष बहुतेक जातींना चालतं. जे वापराल ते सर्व सत्रांत तेच ठेवा. मध्येच आमिष बदललं की आकड्यातली वाढ विषाणूची की चवीची, हे कळायचा मार्ग उरत नाही. सापळ्यात कापसाचा किंवा कृत्रिम धाग्याचा बोळा घाला, सापळा थोडा तिरका ठेवा म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही, आणि वर पालापाचोळा किंवा फळी टाका. उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. शक्य असेल तर दोन-तीन रात्री दारं अडकवून, उघड्या सापळ्यांत नुसतं आमिष ठेवा. धीट आणि भित्रे यांच्यातलं अंतर त्याने थोडं कमी होतं.

संध्याकाळी लावायचे, पहाटे तपासायचे. ऊन तापलं की पत्र्याची भट्टी होते.

उंदरांसाठी लावलेल्या सापळ्यांत चिचुंद्र्याही येतात. त्यांना दर काही तासांनी खायला लागतं, म्हणून ओट्सवर सोडलेली लहान चिचुंद्री सकाळपर्यंत मेलेली आढळते. त्या येत असतील तर रात्रीत एक जादा फेरी मारा आणि थोडे किडे-अळ्याही ठेवा. शिवाय चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे, तेव्हा तिची नोंद स्वतंत्र करा, तिचे नमुने फेकू मात्र नका. थोट्टपालयम विषाणू १९६४ मध्ये वेल्लूरला चिचुंद्रीतूनच वेगळा केला गेला, आणि तो हंताविषाणू आहे हे नंतर उमगलं. कोरियातल्या शोधाच्या बारा वर्षं आधी एक हंताविषाणू बाटलीत बंद होता, फक्त त्याची ओळख पटायची होती.

एका सत्रात सलग किमान तीन रात्री हव्यात. कारण गणिताच्या भागात येईल.

हाताळणी

मिटलेलं खोकं उचललं की त्याच्यावर ठिकाणाचा क्रमांक लिहा, पिशवीत घाला आणि तपासणीच्या जागी न्या. ती जागा मोकळ्या हवेत, उन्हात, लोकांपासून आणि गाड्यांपासून दूर असावी. वाऱ्याची दिशा बघा. तुमच्याकडून प्राण्याकडे वारा वाहायला हवा. हंताविषाणू मूत्र, विष्ठा आणि लाळेतून बाहेर पडतो, आणि वाळलेल्या कणांची धूळ श्वासात जाणं हा लागणीचा मुख्य मार्ग आहे. म्हणून जिथे अशा विषाणूंची शंका आहे तिथे श्वसनसंरक्षक मुखवटा, दुहेरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि अंगावर झगा ही किमान तयारी. कापडी फडकं तोंडाला बांधून भागत नाही. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही, हे आधी तपासून घ्या. दाढी असेल तर तो बसत नाही.

सापळ्याच्या तोंडाला जाड प्लास्टिकची पिशवी लावून प्राणी तिच्यात सरकवायचा. आयसोफ्लुरेनची भूल दिली की त्याचा त्रास आणि तुमचा चाव्याचा धोका, दोन्ही कमी होतात. वीस ग्रॅमच्या उंदराच्या अंगात एकूण रक्त दीड मिलिलिटरच्या आसपास असतं. त्यातलं दहावा हिस्सा, म्हणजे ०.१५ मिलिलिटर, ही वरची मर्यादा धरा. सुई टोपणात परत खुपसायची नाही, थेट कडक डब्यात टाकायची.

रक्तद्रव गोठवून ठेवायची सोय नसेल तर गाळणकागदावर थेंब घेऊन वाळवा. प्रतिपिंडांच्या चाचणीला ते चालतं. आरटी-पीसीआरसाठी अवयवांचे नमुने लगेच द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावात जायला हवेत. उन्हात तासभर राहिलेल्या नमुन्यात ‘विषाणू नाही’ असा निकाल आला तर त्याला काडीचा अर्थ नसतो.

प्राण्यांच्या प्रयोगांची नैतिक परवानगी, वन्यजीवांची परवानगी आणि प्रयोगशाळेची मान्यता ही तीन कागदपत्रं सापळ्यांच्या आधी हातात असावीत.

खूण आणि नोंद

कानातला क्रमांकाचा बिल्ला स्वस्त आहे, पण तो फाटून पडतो. कातडीखाली बसवायची सूक्ष्मचिप महाग, पण टिकते. बिल्ला वापरणार असाल तर दोन्ही कानांत लावा. बिल्ला पडलेला उंदीर परत सापडला की तो ‘नवा’ म्हणून धरला जातो, आणि जुना मेला असं गणितात गृहीत धरलं जातं. भांडकुदळ नरांचे कान जास्त फाटतात, आणि तेच जास्त बाधित असतात. बघा, किरकोळ पत्र्याचा तुकडा कुठवर पोचतो!

वहीतली एक ओळ अशी दिसावी: ठिकाण ड-७, दुसरी रात्र, खूण ११७, पुन्हा सापडलेला, नर, २१ ग्रॅम, वृषण उतरलेले, शेपटीच्या बुडाशी ताज्या चाव्याची जखम, रक्त घेतलं, नळी २३१. जखमेची नोंद हटकून घ्या, ती संसर्गाच्या मार्गाबद्दल बोलते. एका सत्रात मी नळ्यांचे क्रमांक रात्रीगणिक पुन्हा एकपासून सुरू केले होते. तीन रात्रींच्या तीन ‘नळी १४’ शीतपेटीत एकत्र पडल्या, आणि कोणती कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. क्रमांक पूर्ण प्रकल्पात एकदाच वापरायचा.

उघडे राहिलेले सापळे, रिकामे पण मिटलेले सापळे आणि आमिष गायब झालेले सापळे हेही रोज मोजा. शंभर सापळे तीन रात्री म्हणजे ३०० सापळा-रात्री. त्यात ३६ वेळा प्राणी सापडला आणि २४ सापळे रिकामेच मिटले, तर मिटलेला प्रत्येक सापळा सरासरी अर्धी रात्र कामाचा धरतात. ६० ची निम्मी ३० वजा केली की खरी मेहनत २७० सापळा-रात्रींची, आणि पकड शंभरामागे १३.३. वादळी रात्री निम्मे सापळे वाऱ्याने मिटतात, तेव्हा या दुरुस्तीशिवाय उंदीर घटल्याचा भास होतो.

बाधित उंदीर जास्त सापडतो की कमी?

संसर्गाचा सापडण्याशी संबंध निदान तीन वाटांनी येऊ शकतो, आणि त्या एकमेकींच्या विरुद्धही जातात.

एक वाट थेट आजाराची. यजमान उंदराला त्याच्या विषाणूचा काहीच त्रास होत नाही, असं पूर्वी मानलं जाई. ते पूर्ण खरं नाही. पुमालाबाधित बँक व्होल हिवाळ्यात निरोगी व्होलपेक्षा कमी तगतात, आणि काऊपॉक्समुळे व्होलची वीण लांबते, असं दीर्घकालीन अभ्यासांत दिसलं आहे. अशक्त प्राणी कमी हिंडेल, म्हणून कमी सापडेल. किंवा अन्न शोधायला जास्त वेळ बाहेर राहील, म्हणून जास्त सापडेल.

दुसरी वाट स्वभावाची. धीट उंदीर दूरवर फिरतो, इतरांशी भिडतो, म्हणून त्याला संसर्ग जास्त. धीट असल्यामुळेच तो सापळ्यातही आधी शिरतो. डिअर माऊसच्या एका अभ्यासात धीट प्राणी बाधित असण्याची शक्यता भित्र्यांच्या तिप्पट दिसली. इथे विषाणूने उंदराच्या वागण्यात काही बदल केलेला नसूनही आकडा फुगतो.

तिसरी वाट वय आणि लिंगाची, ती वर सापळ्यांच्या भागात येऊन गेली.

आता आकड्यांत पाहू. चौकटीत शंभर उंदीर आहेत, वीस बाधित. बाधित प्राणी एका रात्रीत सापडण्याची शक्यता ०.६ आणि निरोगी ०.४ धरा. एकाच रात्रीत १२ बाधित आणि ३२ निरोगी मिळतील, म्हणजे प्रमाण २७ टक्के, प्रत्यक्ष २० असताना. तीन रात्रींत निदान एकदा सापडलेले सुमारे १९ बाधित आणि ६३ निरोगी, प्रमाण २३ टक्के. पाच रात्रींत २१ टक्के. उलट धरा: बाधितांची शक्यता ०.३. मग एका रात्रीत १६ टक्के आणि तीन रात्रींत १७ टक्के दिसतात. रात्री वाढल्या की दोन्ही बाजूंची चूक आटते, कारण टाळणारेही हळूहळू सापडत जातात. पण पंधरा रात्री लावल्या तर मधल्या काळात नवे येतात, जुने मरतात, काही नव्याने बाधित होतात, आणि ‘शंभर उंदीर’ हे गृहीतकच मोडतं. तीन ते पाच रात्री ही त्यातली तडजोड आहे.

यापलीकडे जाऊन फरक दुरुस्त करायचा असेल तर पुन्हा सापडण्याच्या नोंदी लागतात. पहिल्या रात्री सापडलेल्या बाधितांपैकी दुसऱ्या-तिसऱ्या रात्री किती परत आले आणि निरोगींपैकी किती, हे आधी साध्या कोष्टकात मांडा. तुलना नर-नरांची आणि मादी-माद्यांची, शक्य तर वजनगटानुसार करा. सरसकट केली तर तिसरी वाट पहिलीचं सोंग घेऊन येते.

खरी गोम पुढे आहे. मार्चमध्ये सापडलेला बाधित उंदीर एप्रिलमध्ये सापडला नाही. तो मेला, दुसरीकडे गेला, की नुसताच सापळ्याकडे आला नाही? महिन्यातून एकच रात्र सापळे लावत असाल तर हे तिन्ही एकसारखेच दिसतात, आणि ‘विषाणूने उंदीर मरतात’ असा निष्कर्ष नुसत्या बुजरेपणावरून निघू शकतो. दर महिन्याला तीन रात्री असतील तर महिन्याच्या आतल्या रात्रींवरून सापडण्याची शक्यता काढता येते आणि दोन महिन्यांमधल्या फरकावरून जगण्याची. १९८२ मध्ये मांडलेल्या या दुहेरी आखणीला ‘रोबस्ट डिझाइन’ म्हणतात. त्यात निरोगी, बाधित आणि बरा झालेला अशा अवस्था धरणारी गणिती प्रारूपं ‘मार्क’ या संगणकप्रणालीत चालवता येतात. सापडण्याची शक्यता अवस्थेनुसार बदलू देणारं आणि न बदलू देणारं अशी दोन्ही प्रारूपं चालवा, आणि माहितीशी कोणतं जुळतं ते पाहा. फरक नाही असं निघालं तर तेही अहवालात लिहा. पुढच्या पथकाच्या कितीतरी रात्री वाचतील.

टक्के की संख्या

माणसाला धोका टक्क्यांपासून नसतो, तो बाधित उंदरांच्या संख्येपासून असतो. विणीच्या हंगामात निरोगी पिल्लांची भर पडते आणि टक्का खाली येतो, त्याच वेळी एकूण उंदीर मात्र दुप्पट-तिप्पट झालेले असतात. हेक्टरी २० उंदरांतले ३० टक्के म्हणजे सहा बाधित. हेक्टरी ६० उंदरांतले १५ टक्के म्हणजे नऊ. टक्का निम्म्यावर आला, धोका दीडपट झाला. दोन्ही आकडे शेजारीशेजारी द्या, आणि टक्क्याबरोबर त्याची पट्टीही, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मधे असू शकतो ती. वीस उंदरांत तीन बाधित म्हणजे १५ टक्के, पण ९५ टक्के विश्वासाची पट्टी साधारण ५ ते ३६ टक्क्यांची. पुढच्या महिन्यात वीसात पाच निघाले म्हणून ‘वाढ झाली’ असं लिहू नका.

सापळे लावलेच आहेत तर पकडलेले मारून टाकू, असं स्थानिक लोक नेहमी सुचवतात. बोलिव्हियातल्या सान होआकिन गावात १९६४ मध्ये घराघरांत सापळे लावून उंदीर पकडले आणि रक्तस्रावी ताप आणणाऱ्या माचुपो विषाणूची साथ थांबली, हे खरं आहे. पण तो साथ रोखण्याचा उपाय होता, देखरेख नव्हती. मोकळ्या रानात उंदीर काढले की रिकाम्या टापूंत बाहेरचे शिरतात, आणि चौकटीतली पूर्वीची सगळी मोजणी निरुपयोगी होते. एका चौकटीत एकच काम करा.

शेवटच्या सकाळनंतर

वापरलेला सापळा तसाच पुढच्या जागी लावायचा नाही. आधीच्या उंदराचा वास पुढच्याला ओढतो किंवा पळवतो, आणि पुमाला विषाणू घाण झालेल्या गवतात खोलीच्या तापमानाला जवळजवळ दोन आठवडे लागण करण्याजोगा राहू शकतो. बोळा आणि उरलेलं आमिष ओलं करून पिशवीत बंद करा, झटकू नका. सापळे जंतुनाशकात बुडवा. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाणी नऊ भाग हे मिश्रण पुरतं. मग साध्या पाण्याने दोनदा खळबळून उन्हात वाळवा, कारण ब्लीचचा वास राहिला तर पुढची पकड घटते. पत्रा ब्लीचने गंजतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बुडवून ठेवू नका.

पथकातल्या प्रत्येकाची शेवटच्या हाताळणीची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. तिथून ४५ दिवसांत कुणाला ताप, अंगदुखी किंवा दम लागणं सुरू झालं, तर त्याने डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं: मी रानउंदीर हाताळले आहेत, अमुक तारखेपर्यंत.